जांभ्यावरचा बेसबॉल

एकतीस वर्षं मी शिट्टी वाजवून पोट भरलं. लग्नकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही शाळेत काय शिकवायच्या?" मी "पीटी" म्हटलं की समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" करत जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतो. गणिताच्या बाईंना हा अनुभव येत नाही.

पीटीच्या बाईचं काम लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं आणि आम्ही सांगतो तेवढं अवघडही नसतं. प्रार्थनेच्या रांगा सरळ करायच्या, पंधरा ऑगस्टची कवायत बसवायची, उन्हात चक्कर आलेल्या मुलीच्या नाकाशी कांदा धरायचा आणि रजेवर गेलेल्या प्रत्येक शिक्षकाचा तास घ्यायचा. एवढं करून वेळ उरला तर खेळ. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा बजावलं होतं, "कबड्डी, खो-खो नको हं. ते सगळेच लिहितात." मी म्हटलं, मग बेसबॉलचं लिहिते. फोनवर त्यांनी मला दोनदा विचारलं, "रत्नागिरीत? मुलींचा?" हो. रत्नागिरीत, मुलींचा, आणि तोही ऐंशीच्या दशकात.

झालं असं, की एका मे महिन्यात पुण्याला खेळशिक्षकांचं शिबिर होतं. आमच्या मुलींच्या शाळेतून कोणीतरी जायला हवं होतं, आणि पीटीची बाई एकच, म्हणून मी गेले. मला वाटलं लेझीम असेल. गेल्यावर कळलं, बेसबॉल. दहा दिवस उन्हात धावून आले आणि येताना शिबिरवाल्यांनी एक बॅट, दोन चेंडू आणि चामड्याचे दोन हातमोजे दिले. एवढ्यावर नऊ मुलींचा संघ उभा करायचा होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानावर चार कोपऱ्यांचा चौकोन असतो. एका कोपऱ्याला 'होम' म्हणतात. बॅट घेतलेली मुलगी तिथे उभी राहते, चेंडू मारते आणि बाकीच्या तीन कोपऱ्यांना पाय लावून पुन्हा होमला येते. आली की एक रन. चेंडू टाकणारी ती पिचर. बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून चेंडू पकडणारी ती कॅचर. क्रिकेटसारखा चेंडू टप्पा खाऊन येत नाही, सरळ हवेतून अंगावर येतो. हे सगळं मी मुलींना समजावून सांगितलं, तर एक म्हणाली, "म्हणजे घरातून निघायचं, सगळीकडे जाऊन यायचं आणि कोणी पकडायच्या आत परत घरी. हे तर आम्ही रोजच करतो, बाई."

पहिल्या दिवशी जिनं चेंडू मारला ती बॅट छातीशी धरूनच पळाली. म्हटलं, "अगं, बॅट टाक!" ती पळता पळता ओरडली, "शाळेची आहे, बाई!" बॅट टाकायला शिकवण्यात पंधरा दिवस गेले. मग त्या इतक्या जोरात टाकायला लागल्या की बॅटवालीच्या आसपास उभं राहणं धोक्याचं झालं.

बाकीचे हातमोजे रिक्षांचे हूड शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासचे शिवून घेतले आणि आत काथ्या भरला. चौकोनाच्या कोपऱ्यांवर बेस म्हणून गोणपाटाच्या पिशव्यांत भाताचा कोंडा भरून ठेवला. प्रश्न होता जमिनीचा. आमचं मैदान म्हणजे जांभ्याचा सडा, नुसता सपाट कातळ, वर बोटभर लाल खडी. आणि या खेळात बाद होण्याच्या आत बेस गाठायला जमिनीवरून घसरत जावं लागतं. जांभ्यावर घसरलं तर कातडं मैदानात राहतं आणि मुलगी तेवढी पुढे जाते. म्हणून घसरायचा सराव आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत केला. संध्याकाळी फिरायला आलेली मंडळी थांबून बघायची. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या मुली एकसारख्या पडतायत, अंगात काही कमी आहे का?"

आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांच्या कानावर हे गेलं.

"मुली पँट घालून वाळूत लोळतात म्हणे."

"लोळत नाहीत बाई, घसरतात."

"फरक काय?"

"घसरल्यावर रन मिळतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सरावाच्या परवानगीवर सही केली. पण त्यांना तो खेळ पटला नव्हता. मुलींचा खेळ नव्हे तो, असं त्या शिक्षकांच्या खोलीत दोनदा म्हणाल्या. त्यांना उत्तर देण्याएवढं मलाही काही माहीत नव्हतं. ते उत्तर आलं भलतीकडूनच.

मैदानाच्या कडेला दगडी कुंपणाचा कमरेएवढा गडगा होता. त्यावर रोज पाचच्या सुमाराला एक म्हातारा येऊन बसायचा. पांढरी टोपी, हातात छत्री. मूळचा दाभोळचा, राहायला राजिवड्यात, मुलाकडे. सगळा जन्म परदेशी जाणाऱ्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेला. नाव इब्राहिमचाचा. आठ दिवस तो नुसता बघत होता. नवव्या दिवशी गडग्यावरूनच म्हणाला, "बाई, तुमची पोरगी बॅट उशिरा फिरवते. चेंडू त्या पोरीच्या हातातून सुटला का हिनं पाय उचलायला हवा."

मी चकित झाले. "चाचा, तुम्हाला हा खेळ माहीत आहे?"

"जपानात बघितला. अमेरिकेत बघितला. बंदराला लागलं का दुसरं काय काम? बायकांचा पण बघितलाय."

मुली त्याच्याभोवती जमल्या. तो सांगायला लागला. मोठी लढाई संपून थोडा काळ झाला होता. त्याची बोट साखर भरायला क्युबातल्या हवाना बंदराला लागली होती आणि माल यायला वेळ होता. गावात गर्दी चाललेली दिसली म्हणून हाही मागोमाग गेला. बघतो तर भलं मोठं मैदान आणि मैदानात अमेरिकेच्या बायका. "गुडघ्याच्या वर झगा. ओठाला लाली. आणि बेसवर अशा घसरायच्या, मांडी सोलवटून निघायची. उठायच्या, झगा झटकायच्या, परत उभ्या. आमच्या बोटीवरचे आधी हसत होते. मग हसायचे बंद झाले."

"त्या कशा काय खेळायला लागल्या?" संगीतानं विचारलं. संगीता आमची पिचर. आतल्या गावातल्या शिक्षकाची मुलगी, वसतिगृहात राहायची. गावाकडे आंब्याच्या बागेत वानरांवर दगड मारून मारून तिचा हात असा तयार झाला होता की शिबिरातल्या सरांनी तिला बघायला हवं होतं.

"लढाईत पुरुष गेले. मैदानं रिकामी पडली. मग बायकांचे संघ काढले."

"आणि पुरुष परत आल्यावर?"

चाचानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ते मला नाय माहीत, बेटी. माझी बोट सुटली."

शाळेत मी हे सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. खलाशांच्या गोष्टी, म्हणाले. मीही मनातून अर्धाच ठेवला होता. खूप वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, भाचीनं मोबाइलवर त्या बायकांचे फोटो शोधून दाखवले. तेच आखूड झगे, तीच सोललेली मांडी, आणि सरावाला त्या बायका खरंच एकदा हवानाला गेल्या होत्या. पुरुष परत आल्यावर काही वर्षांनी त्यांचे संघ बंद पडले, हेही तिथेच वाचलं. चाचा तोवर राहिला नव्हता.

त्याचं आणखी एक बोलणं मी ऐकलं नाही, आणि त्याची बोचणी मला आजही आहे. आमची कॅचर होती मंदा. मिरकरवाड्यातली, आई बंदरावर मासे विकायची. मुलगी ठेंगणी, घट्ट बांध्याची, बोलायला कमी. बॅटच्या मागे बसली की हलायची नाही. चाचा मला तीनदा म्हणाला, "बाई, ह्या पोरीच्या तोंडाला जाळी बांधा. जाळीशिवाय मागं बसवू नका." मी म्हटलं, "चाचा, आम्हाला खडू वेळेवर मिळत नाहीत, जाळी कुठून आणू?" मला वाटलं, मी फार व्यवहारी बोलले.

विभागाचे पहिलेच सामने कोल्हापूरला ठरले. त्याला तीन आठवडे उरले असताना संगीताला सराव म्हणून मी स्वतः बॅट घेऊन उभी राहिले. तिनं चेंडू टाकला. माझ्या बॅटच्या कडेला तो पुसटसा लागला, दिशा बदलली आणि मागे बसलेल्या मंदाच्या तोंडावर गेला. मी वळून बघितलं तर ती तशीच बसलेली. ओठ फाटला होता. हातमोज्यात चेंडू होता, आणि दुसऱ्या तळहातावर पुढचा एक दात.

रिक्षातून डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती रडली नाही. मी रडत होते. ओठाला टाके पडले. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी बॅट, चेंडू, हातमोजे आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाची आई आली. डोक्यावरची टोपली व्हरांड्यात ठेवली आणि मंदाचा हात धरून सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"खेळाच्या बाई तुम्हीच काय?"

"हो."

"पोरीचा पुढचा दात गेला. आता ती हसायची कशी?"

सांगण्यासारखी कारणं माझ्याकडे चार होती. ती सगळी गिळली आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मागे बसणारीच्या तोंडाला जाळी लागते. जाळी नव्हती, तरी मी तिला बसवलं."

"जाळी? म्हणजे जाळं?"

"जाळं नव्हे. लोखंडी जाळी. तोंडापुढे बांधायची."

"मग आणली का नाय?"

"इथे मिळत नाही."

ती मला आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात मंदा सुजलेल्या तोंडानं पहिल्यांदा बोलली. "चेंडू खाली पडू दिला नाय गो, आये."

"गप. तोंड मीट. टाके उसवतील." आई तिच्याकडे न बघता म्हणाली. मग मला म्हणाली, "एक कागद घ्या. ती जाळी कशी असते ती काढून दाखवा."

मी शिबिरात पाहिली होती तशी काढली. चित्रकला माझी बेताची. तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला, घडी घालून कमरेला खोचला आणि "चला" म्हणाली. टोपली तिथेच राहिली. आम्ही तिघी बंदरावर गेलो. तिथे लाँचांची डागडुजी करणारा बाळू म्हणून एक वेल्डर होता. त्यानं दोरीनं मंदाच्या डोक्याचं माप घेतलं आणि पातळ सळ्या वाकवायला घेतल्या. पहिली जाळी झाली तिच्यात एक दांडी नेमकी डोळ्यांसमोर आली. बाळूनं न कुरकुरता ती तोडून दुसरी केली. रिक्षाच्या जुन्या सीटचा फोम आतून लावला. तो सुटू नये म्हणून मंदाच्या आईनं मासे पकडायची जाळी विणायच्या निळ्या नायलॉन दोऱ्यानं असा ओवून बसवला, की नंतर ब्लेड घेऊन प्रयत्न केला असता तरी निघाला नसता.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मंदाची आई जाळी घेऊन आली आणि मला म्हणाली, "खेळाचं सामान काढा."

मी मोठ्या बाईंकडे कपाटाची किल्ली मागायला गेले. मंदाची आई माझ्यामागेच उभी होती. तिच्याकडे बघून बाईंनी किल्ली दिली आणि स्वतः वरच्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

मैदानावर आल्यावर मी मंदाला जाळी बांधायला गेले. "तिला नाय," आई म्हणाली. "मला बांधा."

"अहो, पण..."

"मला बांधा म्हणते ना."

तिनं लुगड्याचा काचा आवळला, जाळी तोंडावर चढवली आणि मंदा बसायची त्या जागी उकिडवी बसली. "टाक गो."

संगीतानं चेंडू हातात दोनदा फिरवला. तिनं एक हळू चेंडू टाकला. तो मधेच पडला.

"माझ्या पोरीवर असाच टाकतेस काय? जोरात टाक."

दुसरा बाजूनं गेला. तिसरा टाकायच्या आधी संगीतानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते मलाच ठाऊक नाही. चेंडू सुटला आणि सरळ जाळीवर आदळला. घंटेवर टोल पडावा तसा आवाज झाला. मंदाची आई मागच्या मागे बसली. मुली किंचाळल्या. गडग्यावरून इब्राहिमचाचा उठून उभा राहिला. ती तशीच बसून राहिली, जाळी वर सारून चेहरा चाचपला, एकेक दात जिभेनं तपासला आणि म्हणाली, "चालंल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "कोल्हापूरला जा. आणि त्या बाईंना माझा निरोप सांगा, शाळेच्या आवारात पुन्हा असलं काही करायचं नाही." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना लागलं नाही ना फार?"

एसटीनं आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. निम्म्या संघाला बस लागली. सामन्यांना तीनच संघ आले होते, म्हणजे मैदानात उतरायच्या आधीच आमचा तिसरा क्रमांक पक्का होता. एका संघाकडे सगळं नवं सामान होतं. चामड्याचे नऊ हातमोजे, खिळ्यांचे बूट, त्यांच्या कॅचरला विकतची जाळी. आमची निळ्या दोऱ्याची जाळी बघून त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काय गं, मासळीची पाटी तोंडावर घेतलीस का?" मंदानं नुसतं तिच्याकडे बघितलं. पंचांनी मात्र जाळी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली, बॅटच्या मुठीनं ठोकली आणि म्हणाले, "ही कुठल्या कारखान्याची?" मी म्हटलं, "रत्नागिरी बंदर." त्यांनी ती परत दिली.

तिथली जमीन काळी आणि मऊ. पहिलीच मुलगी बेसवर घसरली आणि तिथूनच ओरडली, "बाई, लागतच नाही!" झालं. मग गरज नसतानाही सगळ्या घसरायला लागल्या. चालत जाऊन मिळणारा बेससुद्धा घसरत घ्यायच्या. त्या आनंदातच आम्ही पहिला सामना जिंकलो. समोरच्या संघाला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत आहे.

दुसरा सामना नव्या सामानवाल्यांशी. त्यात संगीतानं एक जोरदार चेंडू मारला आणि नेहमीच्या आवेशात बॅट मागे भिरकावली. ती त्यांच्या कॅचरच्या तोंडावर बसली. मुलीला काही झालं नाही, पण तिच्या जाळीची तार मधोमध तुटली. पंचांनी संगीताला दम दिला. ती रडकुंडीला आली. त्या मुलीजवळ जाऊन दहा वेळा माफी मागितली. नंतरचा खेळ त्यांनी तुटकी जाळी दोरीनं बांधून खेळला. आम्ही एका रननं हरलो. सामना संपेपर्यंत संगीताचा हात पूर्वीसारखा चालला नाही.

सामान आवरत होतो तेव्हा त्यांच्या बाई आल्या. त्यांना दोन दिवसांत पुढच्या सामन्यांना पुण्याला जायचं होतं. नवी जाळी एवढ्यात मिळणार नव्हती. "तुमची ती... ती जाळी चार दिवस मिळेल का?" त्यांना मागायला जड जात होतं, ते दिसत होतं.

मी म्हटलं, "ती शाळेची नाही. तिची आहे."

मंदा जाळी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्यांच्या कॅचरकडे बघितलं. ती सकाळचीच मुलगी, पाटी म्हणणारी. आता खाली मान घालून उभी होती. मंदा उठली. स्वतःच्या हातानं तिला जाळी बांधली, मागे गाठ मारली आणि म्हणाली, "मान सरळ ठेव. म्हणजे दांडी डोळ्यासमोर येत नाय."

परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. हरून आलेल्या संघाला एवढा गोंधळ शोभत नाही असं मला एकदाच वाटलं. संगीता माझ्या शेजारी बसली होती. पुढे दोन वर्षं ती विभागाकडून खेळली. दहावीनंतर खेळायला कुठे काही नव्हतंच. ती नर्स झाली. तिच्या त्या हाताचं पुढे काही व्हायला हवं होतं असं मला अजून वाटतं. ती भेटली की म्हणते, "बाई, इंजेक्शन मात्र एका फटक्यात देते."

दुपारी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरलो. मंदाची आई फलाटावर उभी. तिनं आधी मुलीचं तोंड उघडून आत बघितलं. मग पिशवी चाचपली. "जाळी कुठाय?"

मंदा माझ्या मागे सरकली. मीच सांगितलं, कोणाला दिली, का दिली. परत मिळेलच असं नाही, हेही सांगितलं. आई ऐकत होती. मला वाटलं, आता काही खरं नाही. एवढं ओवून शिवलेलं, आणि मुलीनं ते आपल्याला हसणारीलाच देऊन टाकलं होतं.

"तिचे दात शाबूत हायत ना?" तिनं विचारलं.

"आहेत."

"मग बरं झालं." एवढं बोलून तिनं मंदाची पिशवी आपल्या खांद्याला लावली, आणि दोघी बंदराच्या रस्त्याला लागल्या.

ती जाळी परत आली नाही. तिची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी बाळूकडे गेले, नवी करायला सांगावी म्हणून. मंदाची आई माझ्या आधीच येऊन तिथे पायरीवर बसली होती. टोपली शेजारी, हातात निळा दोरा. मला बघून ती सरकून बसली, जागा केली.

"सांगितलंय त्याला," ती म्हणाली. "दोन."

"दोन कशाला?"

"एक मंदाला." तिनं दातानं दोरा तोडला. "आणि एक अशीच. कोण मागायला आलं तर."